अकराव्या दिवशीचा नकार : ‘द चॉकलेट वॉर’मधली माणसं आणि एक वळण

आज आपण एकाच कादंबरीजवळ थांबणार आहोत, आणि त्या कादंबरीतही खरं तर एका शब्दाजवळ. तो शब्द म्हणजे ‘नाही’. गोष्ट शेवटापर्यंत सांगावी लागणार आहे, त्यामुळे शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी आम्हाला माफ करावं. तसंही हे पुस्तक वाचताना ‘पुढे काय होणार’ यापेक्षा ‘हे कुणीच कसं थांबवलं नाही’ हा प्रश्न आपल्याला जास्त छळतो.

अमेरिकेतल्या शाळांमधली हिंसा म्हटलं की आता आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. १९९९ साली कोलंबाइनला जे घडलं त्यानंतर तर येतेच. त्या विषयावरच्या कादंबऱ्याही आहेत. स्टीफन किंगने टोपणनावाने लिहिलेली ‘रेज’ ही १९७७ची कादंबरी तर प्रत्यक्षातल्या घटनांनंतर त्याने स्वतःच छपाईतून काढून घेतली. आपलं पुस्तक त्याच्याही आधीचं, १९७४चं. रॉबर्ट कॉर्मिए यांचं ‘द चॉकलेट वॉर’. यात बंदूक नाही. चॉकलेटचे खोके आहेत, नावांची यादी आहे, रोजची हजेरी आहे. आणि तरीही शेवटच्या पानांवर एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा जबडा मोडलेल्या अवस्थेत पडलेला असतो आणि सगळी शाळा ते बघायला जमलेली असते. चॉकलेटपासून जबड्यापर्यंत आपण कसे पोचलो, हे आज बघायचं आहे.

कॉर्मिए हा मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावचा. शेजारच्या फिचबर्गच्या वर्तमानपत्रात त्याने वर्षानुवर्षं काम केलं आणि जन्मभर गाव सोडलं नाही. त्याच्या मुलाने एकदा शाळेतून विकायला दिलेली चॉकलेटं घरी आणली. बापलेकांचं बोलणं झालं आणि मुलाने ठरवलं, आपण विकायची नाहीत. बापाने त्याला पाठिंबा दिला. शाळेनेही काही म्हटलं नाही. प्रत्यक्षातली गोष्ट इथे संपली. पण लेखकाच्या डोक्यात एक प्रश्न राहून गेला : आणि शाळेने म्हटलं असतं तर? मुलाच्या पाठीशी कुणी नसतं तर? या दोन ‘तर’मधून कादंबरी आली.

शाळेसाठी मुलांनी वस्तू विकून पैसे उभे करायचे ही तिथली जुनी पद्धत. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ध्वजदिनाची तिकिटं आठवत असतील. गुरुजी गठ्ठा हातात द्यायचे आणि आपण ओळखीपाळखीच्या घरी जाऊन खपवायचो. नाव ऐच्छिक. पण न खपलेला गठ्ठा परत करताना गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघायची आपली छाती होत नसे. ‘ऐच्छिक’ या शब्दाचा शाळेत काय अर्थ असतो, ते आपल्याला ठाऊक आहे. कादंबरीतही विक्री ऐच्छिकच आहे.

आता आकडे बघू. ट्रिनिटी ही कॅथलिक ब्रदर लोकांनी चालवलेली मुलांची शाळा. मुलं साधारण ४००. दरवर्षी एकेकाने २५ खोके विकायचे, डॉलरला एक. यंदा मुख्याध्यापक आजारी, हॉस्पिटलात. कारभार ब्रदर लिऑनच्या हाती. त्याला कुठेतरी २०,००० खोके स्वस्तात मिळतात. ‘मदर्स डे’साठी बनवलेले आणि न खपलेले, आईच्या नावाच्या फिती काढून टाकलेले. शाळेचे पैसे गुंतवून तो सगळे उचलतो. म्हणजे आता मुलामागे ५० खोके आणि दर दोन डॉलर. माल दुप्पट, भावही दुप्पट. हा हिशेब लक्षात असू द्या, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

या लिऑनची ओळख कॉर्मिए एका तासातून करून देतो. लिऑन वर्गात बेली नावाच्या एका हुशार, गरीब स्वभावाच्या मुलाला पुढे बोलावतो आणि त्याच्यावर कॉपी केल्याचा आरोप करतो. पुरावा काय, तर त्याचे उत्तम गुण. इतके गुण फक्त देवाला पडतील, मग तू काय देव आहेस का, अशा थाटात तो त्याला सोलत राहतो. वर्ग आधी हसतो. मग गप्प होतो. बऱ्याच वेळाने मागच्या बाकांवरून एक आवाज येतो, की सोडा त्या पोराला. तेव्हा लिऑन पलटतो. तो बेलीचं कौतुक करतो, तू तुझ्या खरेपणाला धरून राहिलास म्हणतो, आणि वर्गाला झापतो की तुम्ही काही मिनिटं या खोलीचं नाझी जर्मनी करून टाकलं होतंत. मुलं खाली माना घालतात.

हा प्रसंग वाचताना आपणही पहिल्यांदा फसतो. वाटतं, अरे वा, धडा तर बरोबर दिला. मग दोन पानांनी लक्षात येतं की छळ करणाराही तोच होता आणि छळावरचं प्रवचन देणाराही तोच. मुलं गप्प बसली याची लाज त्यांना देऊन हा स्वतः मोकळा झाला. आमच्या मते संपूर्ण पुस्तकातली सगळ्यात हिंस्र जागा ही आहे, शेवटची मारामारी नव्हे. कारण इथे अन्याय झालाच, वर ‘अन्यायाविरुद्ध बोलावं’ हे वाक्यसुद्धा अन्याय करणाऱ्याने आपल्या खिशात घातलं. पुढे खरोखर बोलायची वेळ आली की मुलांकडे काय उरलं?

दुसरं टोक म्हणजे आर्ची कॉस्टेलो. शाळेत ‘व्हिजिल्स’ नावाची एक गुप्त टोळी आहे. गुप्त म्हणजे सगळ्यांना माहीत, फक्त कुणी नाव घेत नाही. तिचा अध्यक्ष कार्टर आहे, धिप्पाड खेळाडू. चिटणीस ओबी आहे. पण डोकं आर्चीचं. तो ‘कामगिऱ्या’ ठरवतो. कुणा मुलाला बोलावून एक काम सांगायचं, त्याने ते करायचं, बस. आर्ची कधी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. त्याला घाम, रक्त, धक्काबुक्की यांची किळसच आहे. आपण कलावंत आहोत असं त्याला वाटतं. त्याच्यावर एकच अंकुश आहे, एक काळी पेटी. तिच्यात सहा गोट्या, पाच पांढऱ्या आणि एक काळी. कामगिरी सांगितल्यावर आर्चीने न बघता एक काढायची. काळी निघाली तर ते काम त्याने स्वतः करायचं. आजवर कधी काळी निघालेली नाही.

त्याची एक कामगिरी सांगतो, म्हणजे माणूस कळेल. गूबर नावाचा एक उंच, पळण्यात पटाईत, मनाने हळवा मुलगा आहे. त्याने रात्री शाळेत शिरून १९ नंबरच्या वर्गातल्या प्रत्येक बाकाचे, खुर्चीचे, टेबलाचे स्क्रू ढिले करायचे. पडणार नाहीत, पण हात लावला की कोसळतील इतकेच. काम एकट्याच्याने होत नाही, तेव्हा रात्री तोंडं झाकून व्हिजिल्स मदतीला येतात. सकाळी वर्ग भरतो आणि सगळं फर्निचर पत्त्यांच्या बंगल्यासारखं खाली येतं. पोरं हसतात. वर्ग असतो ब्रदर यूजीनचा, एका भिडस्त, मऊ माणसाचा. तो रडू लागतो आणि त्यानंतर या पुस्तकात वर्गावर परत येत नाही. शाळेत ही ‘गंमत’ म्हणून गाजते. गूबरला मात्र ती पचत नाही. एका माणसाला आपण मोडलं, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. कुणी मारलं? स्क्रू ढिले करणाऱ्याने? सांगणाऱ्याने? हसणाऱ्यांनी? हा प्रश्न कॉर्मिए तिथे सोडून देतो आणि शेवटी भलत्याच रूपात परत आणतो.

आणि आता जेरी. जेरी रेनो, शाळेत नवा आलेला मुलगा. पुस्तक उघडतं तेच मैदानावर. अमेरिकन फुटबॉलचा सराव चालू आहे आणि मोठी पोरं जेरीला पुन्हा पुन्हा जमिनीवर आदळताहेत. तो पुन्हा पुन्हा उठतो. आई नुकतीच, वसंतात, कॅन्सरने गेली आहे. वडील औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहेत. दिवस कसा गेला असं विचारलं की ते म्हणतात, ठीक. काल? ठीक. परवा? ठीकच. घरात दोघं माणसं आणि त्यांच्यामध्ये हा ‘ठीक’. जेरीला धास्ती वाटते ती या शब्दाची, की पुढे आपलंही असंच होणार का, एकामागून एक ठीक दिवस? बसस्टॉपवर एक हिप्पी तरुण त्याला टोकतो, तू सगळं ठरल्याप्रमाणेच करतोस, बस चुकवायचीही तुझी तयारी नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. ते जेरीच्या मनात रुतून बसतं. त्याच्या लॉकरमध्ये एक पोस्टर आहे. समुद्रकाठी एकटाच चालणारा माणूस आणि खाली टी. एस. एलियटच्या कवितेतला एक प्रश्न, विश्वाला हलवून बघण्याच्या धाडसाबद्दलचा. जेरीला त्याचा अर्थ नीट कळलेला नाही. आवडलं म्हणून लावलंय. पंधराव्या वर्षी पोस्टर असंच लावतात.

आता वळण. आर्ची जेरीला कामगिरी देतो, की चॉकलेटची विक्री सुरू झाली की दहा दिवस ‘नाही’ म्हणायचं. लिऑन रोज वर्गात यादी वाचतो, प्रत्येकाने ‘हो’ म्हणायचं आणि मग रोज किती खपले ते सांगायचं. जेरीचं नाव येतं आणि तो म्हणतो, नाही. लिऑनला वाटतं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारतो. नाही. असं रोज. लिऑन अस्वस्थ होतो, कारण हिशेबातला पैसा त्याने आधीच अडकवून ठेवलेला आहे. मग तो शोध लावतो, आणि तोही कसा? डेव्हिड कॅरोनी नावाच्या अव्वल विद्यार्थ्याला एका परीक्षेत मुद्दाम नापास करून. बोललास तर गुण बदलू शकतील, असं सुचवून. कॅरोनी घाबरून सांगून टाकतो की हे व्हिजिल्सचं काम आहे, दहा दिवसांपुरतं. हा कॅरोनी पुस्तकात जेमतेम काही पानं आहे, पण त्याला विसरू नका. १९८५ साली कॉर्मिएने ‘बियाँड द चॉकलेट वॉर’ हा पुढचा भाग लिहिला, त्यात त्या एका खोट्या ‘नापास’ने या मुलाचा जीव घेतलेला आपण बघतो.

तर दहा दिवस संपतात. अकराव्या दिवशी सकाळी कुणाची काय अपेक्षा आहे बघा. लिऑनला आता आतली गोष्ट कळलेली आहे, आज हा ‘हो’ म्हणणार. आर्चीच्या दृष्टीने कामगिरी पार पडली, विषय संपला. गूबर मनातून सुटकेचा श्वास टाकून बसलाय. खुद्द जेरीही कंटाळलाय, त्यालाही हे संपवायचंच होतं. नाव पुकारलं जातं. आणि तो म्हणतो, नाही.

शब्द तोच आहे. कालपर्यंत दहा वेळा उच्चारलेला. वर्गातल्या बहुतेक मुलांना तर काही फरकही कळलेला नाही, त्यांच्यासाठी कालचं ‘नाही’ तसं आजचं. पण कालचं ‘नाही’ हा हुकमाचा ताबा होता. लिऑनपुढे ताठ दिसणारा तो मुलगा खरं तर आर्चीपुढे मान तुकवत होता. आजचं ‘नाही’ मात्र कुणीच सांगितलेलं नाही. एकाच अक्षरात त्याने शिक्षकालाही नकार दिला आणि टोळीलाही. इथून पुढे त्याच्या मागे कुणी नाही. आणि अशी वळणं शिकवताना आपण नेहमी जी चूक करतो ती इथे टाळायला हवी. आपण म्हणतो, नायकाने ‘निर्धार केला’. जेरीने निर्धार वगैरे काही केलेला नाही. तोंडातून शब्द गेल्यावर त्याच्या पायाखालची जमीन हलते. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस तो स्वतःलाच विचारतो, मी असं का केलं? लिऑनचा दुष्टपणा बघवेना म्हणून? ब्रदर यूजीनमुळे? त्या हिप्पीमुळे? बाबांच्या ‘ठीक’मुळे? त्याला नक्की उत्तर सापडत नाही. पोस्टरवरच्या त्या प्रश्नाचा अर्थ आता कुठे आपल्याला थोडासा कळतोय, एवढंच त्याला वाटतं.

आम्हाला कॉर्मिएचं मोठेपण इथे दिसतं. जेरीच्या तोंडी एखादं तडफदार भाषण घालणं किती सोपं होतं! पण कारण सांगता आलं असतं तर त्या कारणावर वाद घालता आला असता. पटवता आलं असतं, फोडता आलं असतं, तडजोड सुचवता आली असती. ज्या ‘नाही’ला कारण नाही त्याचं काय करायचं, हे ना लिऑनला कळत ना आर्चीला. दोघांचं राज्य एकाच गोष्टीवर चालतं, ती म्हणजे प्रत्येकाला काहीतरी हवं असतं किंवा कशाची तरी भीती असते. कॅरोनीला गुण हवे होते. जेरीला काय हवंय? काहीच नाही. तो फक्त विकणार नाही.

आता त्या हिशेबाकडे परत येऊ. २०,००० पैकी जेरीचे ५०. म्हणजे शेकडा पाव. शंभर डॉलरचा प्रश्न. लिऑनने स्वतःच्या खिशातून भरले असते तरी भागलं असतं. मग एवढा संताप कशाला? कारण विक्री थंडावते. इतर मुलांना आधीच कंटाळा आलेला असतो, आणि जेरीकडे बघून त्यांच्या लक्षात येतं की ‘ऐच्छिक’चा अर्थ खरंच ऐच्छिक असू शकतो. काहीजण त्याच्या पाठीवर थापही मारतात. मग लिऑन आर्चीला निरोप देतो, की विक्री बुडाली तर व्हिजिल्सही बुडतील. आजवर शिक्षकांनी त्या टोळीचं नावही घेतलं नव्हतं, आता ती शाळेच्या कारभाराचा भाग होते. वळण म्हणतात ते हे. जेरीच्या एका शब्दाने दोन सत्तांना एकमेकींची गरज भासायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवं काही नाही. छळाचा क्रम जगभर सारखाच असतो. व्हिजिल्स आधी बोलावून ‘विनंती’ करतात. मग घरी रात्री निनावी फोन. लॉकरची नासधूस आणि त्या पोस्टरची विटंबना. चित्रकलेचं काम गायब. मैदानावर पाठीमागून मार. मग एक दिवस कुणीच त्याच्याकडे बघत नाही, जणू तो तिथे नाहीच. एमिल जांझा नावाचा एक दांडगा मुलगा आहे, त्याला मारण्यातच आनंद आहे. तो लहान पोरांची टोळी घालून जेरीला बडवतो. हा जांझासुद्धा आर्चीच्या मुठीत आहे. त्याचा एक लाजिरवाणा फोटो आर्चीकडे आहे, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. म्हणजे जो सगळ्यात रानटी तोही एका नसलेल्या फोटोला भिऊन वागतो आहे.

दुसरीकडे आर्ची विक्रीची लाट उठवतो. व्हिजिल्स स्वतः खोके खपवतात आणि ज्याच्या त्याच्या नावावर मांडतात. रोज सभागृहात नावं जाहीर होतात, अमक्याचे पन्नास पूर्ण, टाळ्या. गूबरने जेरीला साथ म्हणून २७ खोक्यांवर विक्री थांबवलेली असते. एक दिवस त्याचंही नाव पुकारलं जातं, पन्नास. टाळ्या. त्याला ओरडून सांगायचं असतं की मी विकलेले नाहीत. तो सांगत नाही. वळतो आणि निघून जातो. जेरीचा एकमेव मित्र तो. तो वाईट नाही, भित्राही म्हणवत नाही, चांगला मुलगा आहे. फक्त त्या एका क्षणी त्याला बोलता आलं नाही. बेलीच्या वेळी वर्गाला बोलता आलं नव्हतं तसंच.

शेवटी उरतात फक्त जेरीचे ५० खोके. आर्ची त्यांची सोडत काढायचं ठरवतो. रात्री शाळेच्या मैदानावर जेरी आणि जांझा यांची बॉक्सिंग. जेरी तयार होतो, कारण जांझाला परत मारायची संधी मिळेल असं त्याला वाटतं. आर्चीने त्याला बरोबर ओळखलेलं असतं. पण ही झुंज साधी नाही. प्रत्येक मुलाने तिकीट घ्यायचं आणि त्यावर लिहायचं की कुणी कुणाला कुठे ठोसा मारायचा. चिठ्ठी निघेल तसा ठोसा. समोरच्याने अडवायचाही नाही, चुकवायचाही नाही.

इथे जरा थांबू. १९ नंबरच्या वर्गातला प्रश्न आठवतो ना, कुणी मारलं? इथे कॉर्मिए त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून दाखवतो. हिंसेचे चारशे तुकडे केले आणि एकेकाला एकेक वाटला. चॉकलेटच्या खोक्यांसारखाच. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याने मारलं नाही. ज्याने मारलं त्याने ठरवलं नाही. कार्टर तर फक्त वाचतोय. एक चिठ्ठी येते ती कमरेखाली मारायला सांगणारी, म्हणजे नियमात न बसणारी. कार्टर ती सवयीने मोठ्याने वाचून टाकतो आणि वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं आपण काय वाचलं. तोवर उशीर झालेला असतो. जेरी अडवायला जातो, जांझा बेभान होतो, नियम संपतात. आणि त्याआधी एक क्षण असा येतो की जेरीचा एक ठोसा नेमका बसतो आणि त्याला बरं वाटतं. लगेच त्याच्या ध्यानात येतं, आपणही यांच्यातलेच एक झालो. आमच्या मते जेरी हरतो तो इथे. जांझाचे ठोसे त्यानंतरचे.

त्या रात्री ओबी आणि कार्टर काळी पेटी घेऊन आर्चीपुढे येतात. लढणारे दोघं, म्हणून गोट्याही दोन काढायच्या. वाचणारा श्वास रोखतो. दोन्ही पांढऱ्या निघतात. १९८८ साली कीथ गॉर्डनने यावर चित्रपट केला तेव्हा त्याला हे सोसवलं नसावं, कारण चित्रपटात काळी गोटी निघते आणि आर्चीला रिंगणात उतरावं लागतं. पुस्तक छापून येण्याआधी काही प्रकाशकांनीही शेवट बदलायला सांगितला होता. कॉर्मिएने बदलला नाही.

तर पुस्तकातला शेवट असा. गूबर धावत येतो, जेरीचं डोकं मांडीवर घेतो. जेरीला त्याला काही सांगायचंय, पण मोडलेल्या जबड्यातून शब्द फुटत नाहीत, सगळं मनातच. ते सांगणं असं : ते म्हणतील ते कर. खेळ म्हणाले तर खेळ, विक म्हणाले तर विक. आपल्या मनासारखं वागा असं सगळे सांगतात, पण त्यांना ते नको असतं. म्हणजे अकराव्या दिवशीचं ‘नाही’ तो स्वतःच परत घेतो. पण गूबरला त्यातलं काही ऐकू जात नाही. या तपशिलाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सांगणाऱ्याने शरणागती सांगितली, ऐकणाऱ्यापर्यंत ती पोचलीच नाही.

अमेरिकेत हे पुस्तक शाळांतून, वाचनालयांतून काढावं म्हणून वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत २००४ साली सर्वाधिक हरकती आलेलं पुस्तक हेच होतं. भाषा, लैंगिक उल्लेख, हिंसा, धर्मसंस्थेचं चित्रण अशी कारणं दिली गेली. त्यामागे खरी हरकत शेवटालाच असावी असं आम्हाला वाटतं. मोठ्यांना मुलांच्या पुस्तकात चांगल्याचा जय लागतो. कॉर्मिए मात्र आपल्या किशोर वाचकांना टाळत नसे. पुढच्या ‘आय अ‍ॅम द चीज’ या कादंबरीत एका पात्राचा म्हणून त्याने चक्क स्वतःच्या घरचा फोन नंबर छापला, आणि फोन करणाऱ्या मुलांशी तो बोलत असे.

व्याख्यानानंतर एका शिक्षिकेने विचारलं, की हे पुस्तक आठवी-नववीच्या मुलांना द्यावं का? निराश नाही का होणार ती? आम्ही म्हटलं, नववीला द्यावं, पण आधी शिक्षकांच्या खोलीत वाचावं. मुलं निराश होतील असं वाटत नाही. पेटीतल्या गोट्या, निनावी फोन, सगळ्यांनी मिळून एकाला अदृश्य करणं यातलं त्यांना काहीच नवं नाही, फोनच्या जागी आता ग्रुप असतो इतकंच. त्यांना नवं असेल ते हे की एका मोठ्या माणसाने ते बघून लिहून ठेवलंय. त्यांना वाचायला देताना ब्रदर जॅककडे बोट दाखवावं. हा चांगला शिक्षक. एकदा त्याच्या तासाला व्हिजिल्सची कामगिरी असते, की तो ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारेल तेव्हा सगळ्यांनी उठून उड्या मारायच्या. त्याला ते आधी कळतं, आणि तो तो शब्द इतक्या वेळा वापरतो की उड्या मारून पोरंच थकतात. मुलांचे डाव ओळखणारा, हजरजबाबी माणूस आहे. शेवटच्या रात्री मैदानाचे दिवे घालवून मारामारी थांबवतो तोही तोच. ब्रदर लिऑन मात्र टेकडीवर उभा राहून सगळं बघत होता. नंतर तोच येऊन जॅकला समजावतो, की पोरं ती, त्यांची रग कधीतरी बाहेर पडायचीच. आर्चीच्या केसालाही धक्का लागत नाही. शिक्षिका म्हणाल्या, मग जॅक पुढे काय करतो? काही करत नाही. अँब्युलन्स येते, मुलं पांगतात, आणि ओबी आणि आर्ची पुन्हा मैदानाच्या पायऱ्यांवर, पुस्तकाच्या सुरुवातीला बसले होते तिथेच, बसलेले असतात. आर्ची ओबीला चॉकलेट आहे का विचारतो. सगळी खपलेली असतात.